संकरित इंजिन



माझ्या व्याख्यानाचा विषय फलकावर लागला तेव्हा एका परिचितांनी मला वाटेत थांबवून विचारले, "यंदा बियाण्यांवर बोलणार वाटतं?" त्यांचा काहीच दोष नाही. जालन्यात ‘संकरित’ हा शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे कणीस, कपाशीचे बोंड किंवा भेंडी उभी राहायची. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी याच गावात महिकोची स्थापना केली, आणि त्याच साली सीएसएच-१ ही संकरित ज्वारी देशभर प्रसृत झाली. तिचे हे सरकारी नाव आपल्या खेड्यांतून कोणी कधी घेतले नाही. ती नुसती ‘हायब्रीड’ झाली. भाकरी हायब्रीडची, कडबा हायब्रीडचा. पुढे १९९८ साली बारवाल्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला तेव्हा साऱ्या गावाने तो आपल्याच घरी आल्यासारखा मानला.

हल्ली हाच शब्द मोटारींच्या जाहिरातींत येऊन बसला आहे. पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर एकाच गाडीत नांदवायची, त्या गाडीला हायब्रीड म्हणतात. टोयोटाने १९९७ साली अशी ‘प्रियस’ बाजारात आणली. परंतु तो विवाह कारखान्यात, एकाच घरातल्या वडीलधाऱ्यांनी पत्रिका पाहून लावलेला असतो. मला आज बोलायचे आहे ते दुसऱ्या संकराविषयी. रस्त्याच्या कडेला, पत्र्याच्या शेडखाली, एका इंजिनाचा ब्लॉक, दुसऱ्याचा क्रँक आणि तिसऱ्याचे हेड घेऊन जे इंजिन उभे केले जाते, ते संकरित इंजिन. या धंद्याविषयी सुशिक्षितांमध्ये दोन मते ऐकू येतात. एक म्हणतो, "काय डोके आहे! इंजिनियर झक मारतील." दुसरा म्हणतो, "सगळा जुगाड, धोक्याचा कारभार." दोघांनीही बहुधा बॉनेटखाली डोकावलेले नसते.

ज्यांना इंजिनाची ओळख नाही त्यांच्यासाठी चार वाक्ये सांगतो. शिवणयंत्राची पायटी आठवा. पाय खालीवर होतो आणि चाक गोल फिरते. मधली दांडी हा बदल घडवून आणते. इंजिनातही तेच. सिलिंडरमध्ये इंधन पेटते, पिस्टन खाली ढकलला जातो, कनेक्टिंग रॉड ती ढकल क्रँकला देतो आणि क्रँक गोल फिरतो. सिलिंडर ज्यात कोरलेले असतात तो ब्लॉक. वरून झाकण घालते ते हेड. बाकीचे सारे या मंडळींच्या दिमतीला आहे.

आता ही सरमिसळ करण्याची पाळी का आली? हौसेने फारच थोडी, बहुतेक अडचणीने. ज्या काळी गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे आणि परदेशी सुटा भाग मिळवणे म्हणजे दिव्य असे, त्या काळी मोडलेल्या गाडीचे करायचे काय? भंगारात घालायची की दुसऱ्या मोडलेल्या गाडीचे अवयव लावून चालवायची? शेतकऱ्याच्या हाती विलीजच्या घराण्यातली पेट्रोल जीप असे. सुमारे २२०० घनसेंटिमीटरचे तिचे इंजिन पेट्रोल पिण्यात मोठे उदार होते. डिझेल स्वस्त होते, आणि विहिरीवर डिझेलचे इंजिन होतेच. माणसाच्या मनात विचार येणारच.

आणि हा विचार केवळ शेडखालच्या मिस्त्रीच्याच मनात आला असे समजू नका. कोट-पाटलोणीतल्या मोठमोठ्या कारखान्यांनीही तेच केले. महिंद्रांनी जीपमध्ये ट्रॅक्टरच्या घराण्यातले डिझेल इंजिन घातले, पुढे पेजो या फ्रेंच कंपनीचे घातले. ॲम्बेसेडरचा साचा १९५० नंतरच्या मॉरिस ऑक्सफर्डचा. तिला १९९० नंतर जपानच्या इसुझूचे इंजिन मिळाले आणि म्हातारी एकदम तरुण झाली. उलटही घडले. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने १९८५ साली इंग्लंडच्या रोव्हरचा देखणा, नव्या वळणाचा सांगाडा आणला आणि त्यात बसवले जुन्या व्हॅनगार्ड मोटारीच्या वंशातले सुमारे दोन लिटरचे इंजिन, ज्याचे मूळ १९४० च्या दशकात होते. गाडीचे नाव ‘स्टँडर्ड २०००’. इंग्लंडात हाच सांगाडा साडेतीन लिटरच्या आठ सिलिंडरांच्या इंजिनानेही ओढला होता. रूप शर्यतीच्या घोड्याचे आणि दम टांग्याच्या घोड्याचा! तीनचार वर्षांत ती गाडी बंद पडली. तेव्हा संकर कारखान्यात झाला म्हणून साधतो आणि शेडखाली झाला म्हणून फसतो, असे नाही. साधण्या-फसण्याची कारणे निराळी आहेत, आणि ती मापांत सापडतात.

अमेरिकेतले एक उदाहरण घेतो, कारण त्यातला हिशोब स्वच्छ आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडच्या तरुणांना जुन्या फोर्ड गाड्या घेऊन त्यांना पळवण्याचे वेड लागले. फोर्डचे आठ सिलिंडरांचे इंजिन: बोअर सुमारे ८१ मिलिमीटर, पिस्टनची धाव सव्वापंचाण्णव. आठही सिलिंडर मिळून ३९०० घनसेंटिमीटरच्या थोडे वर. फोर्डचीच थोरली बहीण मर्क्युरी. १९४९ पासून तिच्या क्रँकची धाव सुमारे १०१.६ मिलिमीटर होती. पोरांनी मर्क्युरीचा क्रँक फोर्डच्या ब्लॉकमध्ये घातला. ब्लॉक तोच, आणि पोट झाले जवळजवळ ४२०० घनसेंटिमीटर. शंभराला सहा-सात टक्के वाढ, केवळ क्रँक बदलून!

परंतु थांबा. धाव सव्वासहा मिलिमीटरने वाढली, म्हणजे पिस्टन खाली जितका जास्त गेला तितकाच वरही जास्त जाणार: तीन मिलिमीटरच्या वर. वर हेड आहे. तीन मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असे आपणांस वाटेल. पण पिस्टन मिनिटाला तीन हजार वेळा वर येतो आणि दर वेळी हेडवर आपटू पाहतो. म्हणून पिस्टनही बदलावा लागतो, असा की ज्यात पिनचे भोक तेवढ्याच अंतराने वर सरकवलेले आहे. एक भाग बदलला की त्याच्या शेजाऱ्याने जागा द्यावी लागते, शेजाऱ्याच्या शेजाऱ्यानेही. एकत्र कुटुंबात नवी सून येते तेव्हा केवळ एक पान वाढत नाही, हे आपण सारे जाणतो.

आपल्याकडचे हुशार मिस्त्री हे तपासण्यासाठी एक सोपी युक्ती करतात. पिस्टनच्या डोक्यावर मऊ मेण किंवा चिकण मातीचा गोळा ठेवायचा, हेड बसवायचे, क्रँक हाताने, हो, हातानेच, दोन वेढे फिरवायचा, आणि हेड उघडून दबलेल्या मातीची जाडी मोजायची. तेथे पातळ कागदाइतकीच माती उरली असेल तर ते इंजिन चालू करू नये. अशी माती लावणारा मिस्त्री आणि "बसेल, काही होत नाही" म्हणणारा मिस्त्री यांच्यात जो फरक आहे, तोच मला वाटते कारागीर आणि जुगाडी यांच्यातला फरक होय.

हेडचे दुखणे याहून सूक्ष्म. समजा, एका सिलिंडरचे पोट ५०० घनसेंटिमीटर आहे आणि पिस्टन वर आला असता हेडखाली साडेबासष्ट घनसेंटिमीटर जागा उरते. म्हणजे हवा नवव्या हिश्श्यात दाबली जाते. आता दुसऱ्या गाडीचे हेड आणले. तिची खोबण ५० चीच आहे. हवा आता अकराव्या हिश्श्यात दाबली जाईल. कागदावर ताकद वाढली. प्रत्यक्षात साधे पेट्रोल तेवढा दाब सहन करीत नाही. भडका वेळेआधी उडतो आणि इंजिन आतून ठोकू लागते. पुन्हा, जुना ब्लॉक बिडाचा आणि नवे हेड ॲल्युमिनियमचे असेल तर? ॲल्युमिनियम तापले की बिडाच्या दुप्पट पसरते. ४०० मिलिमीटर लांबीच्या हेडाचे तापमान ८० अंशांनी चढले तर ते पाऊण मिलिमीटरभर लांब होते आणि खालचा ब्लॉक जेमतेम एक-तृतीयांश. दोघांच्या मध्ये गॅस्केट. रोज तापते, रोज निवते, रोज दोन्हीकडून ओढले जाते. पाण्याची भोके थोडी जरी इकडेतिकडे असली तर चार महिन्यांत पाणी तेलात उतरते आणि डिपस्टिकवर चहाच्या रंगाचा फेस दिसू लागतो. मग गिऱ्हाईक म्हणते, गॅस्केट बोगस होते.

विहिरीवरच्या इंजिनाची गोष्ट मात्र आपल्या भागात घडलेली म्हणून सांगण्यासारखी आहे. कूपर आणि किर्लोस्कर या नावांनी महाराष्ट्राची शेती भिजवली. अशी पंपाची इंजिने मिनिटाला साधारण पंधराशे फेऱ्यांनी चालावीत अशी बांधलेली असतात. कोणी ते उचलून जीपमध्ये घालतो. जीपच्या मागच्या धुरीत फेऱ्या ५.३८ पट कमी होतात, कारण मूळचे पेट्रोल इंजिन चार हजार फेऱ्यांपर्यंत जाणारे होते. आता गणित करा. १५०० ला ५.३८ ने भागा: चाकाच्या फेऱ्या मिनिटाला २७९. चाकाचा घेर सव्वादोन मीटरांच्या आतबाहेर. तासाला सदतीस किलोमीटर, तेही टॉप गिअरमध्ये आणि सपाट रस्त्यावर! मूळच्या इंजिनाने हीच जीप हिशोबाने अठ्ठ्याण्णवपर्यंत जाई. मग मालक तक्रार करतो, मिस्त्री पंपाच्या गव्हर्नरचा स्क्रू आवळतो, इंजिन दोन हजारांवर, अडीच हजारांवर नेतो. ज्या फ्लायव्हीलचे वजन पंधराशे फेऱ्यांच्या हिशोबाने ठरवलेले, ते बिडाचे फ्लायव्हील अडीच हजारांवर फिरते. त्यातला ताण फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो, म्हणजे पावणेतीन पट होतो. चालकाच्या पायांपासून ते हातभर अंतरावर असते. येथे मी हसून बोलणार नाही. ज्याने तो स्क्रू आवळला त्याने काय केले हे त्याला माहीत नसते, आणि जो त्या गाडीत लग्नाचे वऱ्हाड बसवतो त्याला तर मुळीच नसते. खरा उपाय मागची धुरी बदलण्याचा, म्हणजे कमी प्रमाणाचे क्राऊन-पिनियन घालण्याचा. तो महाग पडतो म्हणून टळतो.

कायद्याने या बाबतीत अलीकडे कडक भूमिका घेतली आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीत मनमानी बदल करू देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली सांगितले की, जुगाड हेही मोटार वाहनच होय, त्याला कायद्याबाहेर राहता येणार नाही. आणि २०१९ च्या जानेवारीत सांगितले की, कारखान्याने ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत असा बदल करता येणार नाही. २०२१ च्या डिसेंबरात सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहारांची भंगारातून बनवलेली, लाथ मारून सुरू होणारी छोटी जीप सर्व देशाने पाहिली. आनंद महिंद्रांनी कौतुक केले, पण त्याच वेळी ही गाडी नियमांत बसणार नाही हेही सांगितले, आणि तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. पुढच्याच महिन्यात ती दिली. मला हा व्यवहार सुंदर वाटतो. त्यात कारागिराचा मान राहिला आणि रस्त्याचाही. पण प्रत्येक लोहाराला बोलेरो मिळत नाही, आणि इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्ण्यांसारखा माणूस, ज्याने स्वातंत्र्याच्या सुमारास स्वतःची ‘मीरा’ मोटार घडवली आणि पुढे वर्षानुवर्षे सुधारत नेली, तोही शेवटी नमुन्यांपलीकडे जाऊ शकला नाही.

रस्त्यावर कायदा चालेल, तो चालावाच. परंतु शेतात, विहिरीवर, मळणीयंत्रावर, उसाच्या गुऱ्हाळावर ही सरमिसळ आजही चालू आहे आणि राहणार. तेव्हा ती नीट कशी व्हावी, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर मला आपल्या गावातल्याच दोन धंद्यांत दिसते.

पहिला धंदा लोखंडाचा. येथे देशोदेशीचे भंगार येते, भट्टीत वितळते आणि सळई होऊन बाहेर पडते. त्या भंगाराच्या ढिगावर बसून माणसे काय निवडून काढतात? तांबे. जुन्या मोटरींच्या गुंडाळ्या, तारा. तांबे भावाने महाग, हे एक कारण. पण दुसरे कारण असे की, ते एकदा वितळलेल्या लोखंडात मिसळले की भट्टीत जळून जात नाही, कोणत्याही उपायाने सहजी निघत नाही, आणि जास्त झाले तर लाल तापलेले लोखंड लाटताना चिरा पडतात. मिसळ करण्यापूर्वी निवडायचे, मिसळल्यावर पश्चात्ताप. इंजिनालाही हेच लागू आहे. 

दुसरा धंदा बियाण्याचा. सीएसएच-१ चे दोन्ही पालक कागदावर आहेत: मादी अमेरिकेतली सीके-६० ची नरवंध्य ओळ, नर आयएस-८४. साठ वर्षांनीही कोणीही उठून सांगू शकतो की ही ज्वारी कोणाची लेक. पालकांच्या ओळी निराळ्या राखल्या जातात, त्यांची दप्तरे असतात, आणि म्हणून तेच बियाणे पुन्हा तयार करता येते. शेतकऱ्यालाही ठाऊक असते की हायब्रीडचे घरचे बी पेरले तर पुढच्या साली ते विसकटते. आणि आमच्या संकरित इंजिनाचे पालक कोठे लिहिलेले असतात? मिस्त्रीच्या डोक्यात. तेथून ते कोठे जातात हे मी पाहिले आहे.

आमच्या घरी एक जीप होती. तिच्यात एका उस्तादांनी डिझेलचे इंजिन बसवले होते, आणि त्याचा मूळ क्रँक तुटला तेव्हा दुसऱ्याच घराण्यातल्या इंजिनाचा क्रँक घासून घातला होता. बेअरिंगे तयार मिळेनात, म्हणून त्यांनी स्वतः व्हाइट मेटल ओतून ती लेथवर कापली. काम असे चोख की ती जीप बारा वर्षे मोसंबीच्या खेपा करीत राहिली. उस्ताद वारले. नंतर तेलाचा दाब उतरू लागला तेव्हा आम्ही जीप दुसऱ्या शेडमध्ये नेली. त्या मिस्त्रीने ब्लॉकवरचे नाव वाचले आणि त्या नावाची, विसाच्या मापाची, बेअरिंगे बाजारातून आणून बसवली. ओतलेल्या बेअरिंगांवर कसलाच आकडा नव्हता. मायक्रोमीटर लावायला हवा होता, तो त्याने लावला नाही. पन्नास मिलिमीटरच्या क्रँकला मोकळीक लागते एका मिलिमीटरचा विसावा हिस्सा. ती झाली त्याच्या तिप्पट-चौपट. अंबड रस्त्यावर, भर उन्हात, मोसंबी भरलेली असताना, बेअरिंग वितळले, कनेक्टिंग रॉड मोडला आणि ब्लॉक फोडून बाहेर आला. उकळते तेल सांडले. चालकाच्या बाजूला बसलेल्या आमच्या गड्याच्या पोटरीवर त्याचा डाग आजही आहे. माल सडला तो निराळाच.

उस्तादांच्या हाताखाली पूर्वी एक पोरगा होता. तो त्या वेळी दुसरीकडे पंक्चर काढण्याचे काम करी. त्याला मी फुटलेला ब्लॉक दाखवला तेव्हा तो सहज म्हणाला, "उस्ताद ने दूसरा क्रँक डाला था, मेरे कू मालूम था साहब. पन किसी ने पूछाच नहीं."

त्यानेच पुढे आम्हांला दुसरे इंजिन जुळवून दिले, विहिरीसाठी. माती लावून, मायक्रोमीटर मागून आणून. मी त्याच्याजवळ एकच हट्ट धरला. इंजिनाच्या खोलीच्या भिंतीवर, पांढऱ्या ऑइलपेंटने, ब्लॉक कोणाचा, क्रँक कोणाचा, किती घासला, बेअरिंगचे माप काय, हेड कोठून आणले, तारीख, असे सर्व त्याने लिहावे. त्याला लिहिण्याचा सराव नव्हता. तो आकडे सांगत गेला, माझ्या मुलीने ते लिहिले, आणि शेवटी त्याने ब्रश मागून घेऊन खाली उस्तादांचे नाव स्वतःच्या हाताने उर्दूत लिहिले.